लाल लाईट अन् सभ्य ग्रुप

"आता सांगतो त्यावर तुमचा इश्वास बसनार नाही," जानेफळच्या टपरीवर मी कप खाली ठेवून सुरुवात केली. "आपल्या सोलर पंपाच्या ग्रुपावर एका नवख्या बाईनं इचारलं, 'कंट्रोलरवर लाल लाईट लागला, पंप बंद पडला, काय करू?' अन् राजेहो, कोनी हासलं नाही! 'आधी वरचे मेसेज वाच' असं कोनी सुनावलं नाही. ज्याले माहीत नव्हतं, तो चक्क चूप बसला! भगवानरावानं तं 'ताई, घाबरू नका' म्हनून एकेक वायर समजावून सांगितली. मी ॲडमिन, माह्या डोयात पानीच आलं. अन् तिकडं बाईच्या हरभऱ्यालेबी पानी!"

सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. तेवढ्यात बिस्किटाचा पुडा घ्यायला आलेली पंचफुला वळली.

"भाऊजी, थे बाई मीच. 'वरचे मेसेज वाच' म्हनून तुमीच मले ग्रुपातून काढलं. माहा हरभरा वाळून राह्यला, म्हनून आता तोंडावर इचारतो: लाल लाईटाचं काय करू? का टपरीवरूनबी काढता?"