यादीतला नंबर

घटस्फोटानंतर माझ्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, मरेनसाठी, मी स्वयंपाकघरात बिनस्क्रीनचा साधा फोन लावला. माझ्या यादीतल्या नंबरांवरच तो लागतो. रोज संध्याकाळी ती बापाशी, ग्रेडीशी, बोलायची. ग्रेडीचं तेवढ्यानं भागेना. त्यानं तिच्या दप्तरात गुपचूप स्मार्टफोन कोंबला. तो सापडताच ग्रेडीला दारात बोलावून मी तो त्याच्या अंगावर फेकला. “पोरीला बिघडवायला माझंच घर सापडलं?” “घर कसलं, तुरुंगच हा.” “नीघ.” त्याच्यासमोरच मी यादीतून त्याचा नंबर उडवला. मरेनला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मी गवत कापत असताना पोलिसांची गाडी आली. मरेननं आणीबाणीचा नंबर फिरवला होता; तो यादीतून काढताच येत नाही. “बापानंच शिकवलं असणार,” मी फणकारले, “पकडा त्याला.” पोलीसबाईंनी मरेनचे शब्द वाचून दाखवले: “चार दिवस बाबाचा फोन लागत नाही. तो मेला असेल तर आईला सांगू नका, ती रडेल.”