एक खिळा, दोन तसबिरी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या एका राजनिष्ठ मंडळात सभासद पंधरा होते आणि सभागृहाच्या भिंतीवर खिळा एकच. नऊ जणांना तिथे दिवंगत राणीचीच तसबीर हवी होती, सहा जणांना नव्या राजाची. राणीच्या तसबिरीवरची धूळ मर्ल वर्षानुवर्षं पुसत आली होती. नऊ म्हणजे सहापेक्षा तीन जास्त, म्हणून ती निर्धास्त होती.

पण अध्यक्ष क्लेम राजाच्या बाजूचा. तो म्हणाला, "हात वर करणं आपल्याला शोभत नाही. संसदेसारखं करू. पाच-पाच जणांचे तीन मतदारसंघ, प्रत्येक मतदारसंघाचं एक मत." गावाचा नकाशा तो आखूनच घेऊन आला होता.

"अरे क्लेम, शेजारच्या आयव्हीला सोडून मला थेट साखर कारखान्यापलीकडे टाकलंस?"

"रेघ नदीच्या वळणाने गेलीये, मर्ल."

"आपल्या गावात नदी कुठंय?"

"हे बघ, असल्या भांडणांच्या वर कुणीतरी असावं, म्हणून तर आपल्याला राजा लागतो," असं म्हणत क्लेमने चिठ्ठ्या वाटल्या.

मर्लच्या मतदारसंघात पाचही चिठ्ठ्या राणीच्या निघाल्या. उरलेल्या दोन्हींत राणीला दोन-दोन, राजाला तीन-तीन.

मर्लने स्वतःच्या हाताने राणीला खाली उतरवलं. क्लेमने निकाल जाहीर केला: राजा दोन विरुद्ध एक मताने निवडून आला.