पाठीवरचा डबा

मुठा नदीतली लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत संपत आली, तरी हेमाताईंची नात अपूर्वा बाहेर आली नव्हती. खडकवासल्याच्या पाण्यावर अवचित धुकं उतरलं आणि सोबतच्या होडीला ती दिसेनाशी झाली होती.

"अहो, काहीतरी करा," हेमाताई पंचांना म्हणाल्या.

"आजी, होड्या शोधतायत. धुकं काही आम्ही बोलावलं नाही."

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. डब, डब. पोकळ पत्र्यावर पाणी आपटल्याचा.

हेमाताईंनी तो लगेच ओळखला. त्यांच्या लहानपणी धायरीच्या विहिरीत मुलं पाठीला रिकामा, बंद डबा बांधूनच पोहायला शिकत. आता असा डबा कुणी बांधत नाही.

आवाजामागून अपूर्वा आली, एकाच हाताने पोहत. चिखलातून वर चढली, तरी दुसरा हात तिने पुढेच धरला होता, कुणीतरी तिला हाताला धरून आणावं तसा. डबा अजून वाजत होता, चालताना पाठीवर आपटावा तसा, तिच्या एक पाऊल पुढे. तिथे कुणीच नव्हतं.

काठावरची माणसं न सांगता बाजूला सरली. पंचांनी चपला काढल्या.

आवाज हेमाताईंसमोर येऊन थांबला. त्यांनी नातीसाठी टॉवेल उलगडला.

"आजी, आधी तिला दे," अपूर्वा म्हणाली. "ती कधीची पाण्यात आहे."

हेमाताईंनी कोरडा टॉवेल समोरच्या रिकाम्या जागेत धरला. तो हळूहळू भिजू लागला.