चुकलेली गोळी

मखमलाबादच्या शिवारात झेंडू पिकवणाऱ्या ललितच्या बायकोला, उज्वलाला, फिट यायच्या. रोजची गोळी चुकली नाही तर फिट येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती फुलं तोडता तोडता कोसळायची आणि शुद्धीवर आली की ललित खेकसायचा, "चुकवलीस ना परत गोळी?"

"नाय हो, घेतली. देवाशप्पथ घेतली."

ललितचा विश्वास बसायचा नाही. दसऱ्याच्या आधी मोटार चालू करायला गेलेली उज्वला फिट येऊन शेततळ्यात पडली आणि बुडून गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो रडत एकच सांगत राहिला, "गोळ्या घेत नव्हती. माझं ऐकलंच नाय तिनं."

उन्हाळा लागता लागता औषध निरीक्षक दारात आले. "मेडिकलवाल्यानं तुमचं नाव दिलं. त्या फिटच्या गोळ्या तपासणीत बनावट निघाल्या. औषध नावालाही नाही, नुसता खडू. देशभरातून परत मागवल्यात. घरात उरल्या असतील तर द्या."

ललितनं फळीवरचा डबा आणून ओट्यावर उपडा केला.

 

नुसती रिकामी पाकिटं पडली. उज्वलानं एकही गोळी मागे ठेवली नव्हती.