सगळ्यांनाच लागतो

"पोरीला आत न्यायची नाय." वच्छलाबाईंनी वॉर्डाच्या दारात हात आडवा धरला.

अंगद थबकला. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यावर तो बजाजनगरला घरी गेला होता आणि सहा वर्षांच्या श्रेयाला मोटारसायकलवर पुढं बसवून थेट जालना रोडच्या या दवाखान्यात आला होता. भेटायची वेळ संपायला अर्धा तास उरला होता.

"आबा चार दिसांपासून तिचंच नाव घ्यायलेत. कामून नाय न्यायची?"

वच्छलाबाईंनी श्रेयाला बाकावर बसवलं. लेकाला जिन्यापाशी ओढत नेलं आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "त्यांला टीबी लागलाय."

"मांडीचं हाड मोडलंय त्यांचं, माय. टीबी कुठून आला?"

"हितंच लागला. परवा सिस्टरबाई कागदावर लिहून घेत म्हणल्या. म्हणल्या, घाबरू नका, ह्या वॉर्डात सगळ्यांनाच लागतो."

दोन दिवस ती बाई हे एकटी गिळून बसली होती. मोठ्यानं विचारावं तर गावातली माणसं भेटायला येत होती, बोभाटा झाला असता. म्हणून डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं. नवऱ्याचा पेला वेगळा केला होता. एसीची हवा बाधेल असं सांगून त्याच्या तोंडावर उपरणं बांधलं होतं. नात मात्र येऊ द्यायची नाही, एवढं एकच तिच्या हातात होतं.

अंगद तरातरा सिस्टरांच्या टेबलाकडं गेला. मागून वच्छलाबाई गेल्या.

सिस्टर करुणानं फाईल उघडली. "टीबी? छे हो. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढलाय, एकदम साफ आहे. कुणी सांगितलं?"

"तुमीच की, बाई."

करुणानं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि खुदकन हसली. "अहो आजी, टीव्ही! टीव्ही लागलाय म्हणाले मी. टीव्हीचा चार्ज."

बाकावरचे दोघे-तिघेही हसले. हसायला काय जातं? दवाखान्यात माणसाला टीबी लागतो. टीव्ही लागतो हे त्या माउलीनं जन्मात कधी ऐकलं होतं, म्हणून तिला ते ऐकू यावं?

अंगद हसला नाही. "आबांनी मागितला व्हता का टीव्ही?"

"मागायचा प्रश्नच नाही. बेड घेतला की लागतोच. रोजचे दोनशे."

"त्यांनी बघितला का?"

"ते आम्ही कसं सांगणार, दादा?"

"मग बंद करून टाका."

"बंद केला तरी चार्ज लागतो. सिस्टीममध्येच आहे तसं."

करुणाचा आवाज वाईट नव्हता. दिवसातून वीस वेळा हेच वाक्य म्हणून ते गुळगुळीत झालं होतं, एवढंच. आता वच्छलाबाई पुढं झाल्या.

"लागतो लागतो काय लावलंय, बाई? रोग लागतो. ठेच लागते. पैशे काय आपोआप लागतेत व्हय? पैशे तुमी घेता. मग घेतो म्हणा की सरळ! तेवढं एक म्हणला असता, तर माझे दोन दिस असे गेले नसते."

करुणानं मास्क पुन्हा नाकावर चढवला. वच्छलाबाई वळल्या, बाकावरून श्रेयाला उचललं आणि वॉर्डात शिरल्या.

मल्हारराव खिडकीकडच्या खाटेवर उताणे होते. उभा जन्म मेंढरांमागं चाललेला तो गडी आता एका पायाला वजन बांधून पडला होता. छातीच्या वर, लोखंडी दांडीला तो टीव्ही टांगला होता. त्यावरच्या दवाखान्याच्या जाहिरातीतली गोरीपान बाई सकाळपासून गुडघ्याच्या तपासणीचं तेच ते सांगत होती. बाई गप्प बसवायचं बटण कुणाला माहीत नव्हतं.

"आबा!" श्रेया आजीच्या कडेवरून सरसर उतरली आणि पळत सुटली.

मल्हाररावांनी झटकन हात वर केला. "तिथंच! तिथंच थांब, बाळा. पुढं येऊ नको."

पोरगी जागच्या जागी थिजली. तिचं तोंड रडवेलं झालं.

"ने रं तिला, अंगद." उपरण्याआडून आवाज दबका येत होता. "लांबून दिसली, बास झालं."

"आबा, उपरणं तर एसीच्या हवेसाठी..." अंगद म्हणाला.

"हवेचं नगं सांगू. सिस्टरबाई माझ्या उशाशी उभ्या राहूनच बोलल्या व्हत्या. मला बी कान हायेत. तुझ्या मायला वाटतंय मला ठावं नाय, तर ऱ्हाऊ दे म्हणलं तसंच."

म्हणूनच दोन दिवस घास घेताना म्हातारा तोंड भिंतीकडं फिरवत होता. वच्छलाबाईंना वाटलं होतं, जेवण गोड लागत नाही. दोघं एकमेकांपासून एकच भीती लपवत होती, आणि ती भीती दोनशे रुपये रोजानं त्यांच्याच डोक्यावर लटकत होती.

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या मानेमागची गाठ सोडली आणि उपरणं काढून घेतलं. मग टाचा उंचावून ते टीव्हीभोवती गुंडाळलं आणि मागं दोन गाठी मारल्या. इतक्या करकचून, की दांडी कुरकुरली.

"तुमाला कायबी झालेलं नाय," त्या म्हणाल्या. "लागण ह्याला हाय."

करुणा दारापर्यंत आली होती. "आजी, ते काढा. चार्ज चालूच राहील."

वच्छलाबाईंनी मागं वळून पाहिलंही नाही. श्रेयाला उचलून त्यांनी मल्हाररावांच्या कुशीत बसवलं आणि त्यांच्या त्या वेगळ्या केलेल्या पेल्यातलं उरलेलं पाणी उभ्यानं पिऊन टाकलं.