कोपऱ्यातला भरलेला ग्लास

पहिला ठोसा ह्यांच्या नाकावर बसला, दुसरा बरगडीत. रविवारी दुपारी, आयर्लंडमधल्या आमच्या गल्लीतल्या पबात, शेजारचा कॉनर माझ्या नवऱ्याला भिंतीशी दाबून मारत होता.

चूक ह्यांचीच होती. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपुढे काळ्या बिअरचा भरलेला ग्लास होता. "कुणी घेत नाहीये, उगाच फुकट जाईल," म्हणत ह्यांनी तो एका दमात रिकामा केला. कॉनरच्या वडिलांना जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. ग्लास त्यांच्या नावाने ठेवलेला होता.

"माझ्या मेलेल्या बापाचा घोट चोरतोस, कुत्र्या?" कॉनरने बाटली टेबलावर फोडली आणि काच ह्यांच्या गळ्याला लावली. कॉलरवर रक्त उतरलं. पबमालक नुसता ओरडत राहिला. जवळ कुणीच जाईना.

मी लिंबूपाणी सरकवून उठले आणि कॉनरचं मनगट धरलं. "बाळा, आम्हीही गेलेल्या माणसाचं पान वाढतो. त्याला कावळा शिवला, तरच आपलं माणूस जेवलं म्हणायचं. नाही शिवला, तर घरचे रडतात. तुझ्या बाबांच्या ग्लासाला आज हा माझा कावळा शिवला रे!"

काच गळ्याला तशीच होती. कॉनर ह्यांच्याकडे रोखून बघत होता.

"सगळा प्यायलास?"

"थेंबही ठेवला नाही," हे कसेबसे म्हणाले.

काच खाली पडली. ह्यांच्याच रक्ताळलेल्या खांद्यावर डोकं टेकून कॉनर बापासाठी रडू लागला.