वीस मिनिटांचा आवाज

"अन् त्या गेमची तारीख पुन्हा पुढे गेली, मित्रहो. आपल्या पोरांचे लग्नं होऊन जातीन, पण हा गेम काही येत नाही. आता शेवटची बातमी..."

आपल्या गेमिंग चॅनेलसाठी बातम्या रेकॉर्ड करताना उन्मेष माइकपुढे थांबला. हातातला कागद त्यानं पुन्हा वाचला. एखाद्या माणसाचं वीस मिनिटांचं बोलणं दिलं, की संगणक हुबेहूब त्याचा आवाज तयार करतो. मग कोणतंही वाक्य टाइप करा, ते त्याच आवाजात ऐकू येतं. या बातमीवर त्यानं एक विनोद लिहून ठेवला होता. तो त्यानं केला नाही. रेकॉर्डिंग थांबवून तो बाहेरच्या खोलीत गेला.

तिथे त्याचे वडील, गणपतराव, मांडीवर पाटी घेऊन बसले होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्यांचा घसा गेला होता. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. नागपूरच्या गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानात तीस वर्षं त्यांच्या गोड बोलण्यानं गिऱ्हाईक टिकलं होतं. आता ते पाटीवर ‘पाणी’ आणि ‘पंखा’ एवढंच लिहीत.

"बाबा, तुमचा आवाज परत आणता येते," उन्मेष म्हणाला. त्यानं सगळं समजावून सांगितलं.

गणपतरावांनी पेन्सिल बराच वेळ नुसतीच धरून ठेवली. मग लिहिलं, ‘कर. तुले एक गोष्ट सांगायची आहे. लिहून सांगता येत नाही.’

"कोणती गोष्ट?"

त्यांनी पाटी पुसून टाकली.

आवाज कुठेच सापडेना. घरच्या व्हिडिओंत फोन नेहमी गणपतरावांच्याच हातात असायचा. ते शूटिंग करत आणि गप्प राहत. बहीण मुग्धाच्या लग्नात ते बोलले होते, पण बँडमध्ये काही ऐकू येत नव्हतं. दुकानाच्या कॅमेऱ्यात चित्र होतं, आवाज नव्हता. "गणपतराव साडी उलगडून बोलायला लागले की बाया उठायचं नाव नाही घ्यायच्या," दुकानाचे मालक म्हणाले. उन्मेषनं मान हलवली. तो आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याला जुनी हार्ड डिस्क आठवली.

बारावीत असताना तो गेम खेळतानाचे व्हिडिओ करायचा. तेव्हा घर हुडकेश्वरला होतं, एकच खोली. माइक सगळंच टिपायचा. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो वडिलांचा आवाज कापून मगच व्हिडिओ टाकायचा. न कापलेले मूळ व्हिडिओ डिस्कवर तसेच पडून होते.

चार दिवस तो कानाला हेडफोन लावून बसला. पूर्वी जे कापून फेकलं होतं, तेच आता एकेक करून वेचत राहिला.

"काहून बे, अजून तेच करून राहिला?"

"यानं पोट भरन का तुह्यं?"

"चार लोकांत तोंड दाखवाची सोय नाही ठेवली तू मले."

एकूण बावीस मिनिटं भरली. आईनं, प्रेमिलाबाईंनी, विचारलं, "सापडला का रे?" तो म्हणाला, "सापडला." कुठे, ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी त्यानं लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला. गणपतरावांनी एका बोटानं टाइप केलं आणि बटण दाबलं.

"प्रेमिला, चहा ठेव वं!" स्पीकर खेकसला.

प्रेमिलाबाई दचकल्या. मग डोळ्यांना पदर लावून हसल्या. "अगं बाई, तुमचाच आवाज आहे की! पण चहाच मागून राहिले न? भांडता काहून?"

गणपतराव खूश झाले. त्यांनी आणखी टाइप केलं. ‘आज ऊन कमी आहे’ हे वाक्य धमकीसारखं आलं. ‘मुग्धाले फोन लाव’ म्हणताना कुणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. प्रेमिलाबाईंचं हसू हळूहळू थांबलं. उन्मेषनं सूर मऊ करून पाहिला. तसा तो कुणा दुसऱ्याच भल्या माणसाचा आवाज झाला. त्यानं पुन्हा पहिला लावला.

गणपतरावांनी पाटी ओढली. ‘हा कुठून घेतला?’

"मी गेम खेळायचो न बाबा, तेव्हाच्या रेकॉर्डिंगमधून."

"त्याच्यात दुसरं काहीच नव्हतं का रे?" आईनं विचारलं. "एखादं बरं वाक्य?"

"सगळं ऐकलं आई. चारशे व्हिडिओ."

खाली भाजीवाला ओरडत गेला. गणपतराव मुलाकडे पाहत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप जवळ घेतला. ते टाइप करत, खोडत, पुन्हा टाइप करत. उन्मेष शेजारच्या खुर्चीवर बसून वाट पाहत होता. हीच ती गोष्ट, हे त्याला कळलं होतं. आठ महिने ती त्यांच्याजवळ अडकून होती.

त्यांनी बटण दाबलं.

"उन्मेष!" आवाज कडाडला. "चुकलं माह्यं. दुकानात परक्या लोकांशी दिवसभर गोड बोललो, अन् घरी येऊन तुह्यावर ओरडलो. माफ कर मले, पोरा."

शब्द असे होते. पण पहिल्या हाकेलाच तीस वर्षांचा उन्मेष खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. हात मागे, मान खाली. आवाज थांबला, आणि तो घाईघाईनं म्हणाला,

"हो बाबा. पुन्हा नाही करणार."